कोर्टाच्या कोपऱ्यातली रांगोळी

माझ्या स्वप्नात टेनिसचं कोर्ट नेहमी ओलं असतं. नुकतंच सारवलेलं, हिरवट काळं, कडेने वाफ निघणारं. बाबा जाळीपाशी उभे असतात आणि म्हणतात, "टाक पाय." मी चप्पल काढते आणि अलगद पाय टाकते. पाऊल उमटलं, तर कोर्ट अजून कच्चं. नाही उमटलं, तर खेळायला मोकळं. स्वप्नात ते कधी उमटतं, कधी नाही, आणि त्याप्रमाणे माझा दुसरा दिवस बरा किंवा वाईट जातो. एकेचाळीस वर्षांच्या बाईने असल्या गोष्टी मनावर घेऊ नयेत, हे मला कळतं. शाळेत मी मुलींना हेच सांगत असते.

शेणाचं कोर्ट म्हटलं की आजची मुलं नाक मुरडतात. पण आमच्या लहानपणी नागपुरात तशी कोर्टं होती, आणि आमच्या बाजूच्या त्या छोट्या क्लबात तर दुसरं काही नव्हतंच. खाली मुरूम, वर चाळलेली माती, आणि तिच्यावर दर आठ-दहा दिवसांनी शेणकाल्याचा हात. वाळलं की जमीन घट्ट आणि गुळगुळीत व्हायची. धूळ उडायची नाही, उन्हाळ्यात पायाला चटका बसायचा नाही, आणि चेंडू शहाण्यासारखा सरळ उसळायचा. वास म्हणाल, तर पहिल्या दिवशी सगळ्यांना यायचा. नंतर तो फक्त मला यायचा, आणि मला तो आवडायचा.

हे कोर्ट बाबा सांभाळायचे. त्याआधी ते विणकर होते. आमचं घराणंच मागावरचं. उमरेडच्या काकांचा माग तर परवापरवापर्यंत चालू होता. बाबांचा माग मी जन्मायच्या आधीच मोडीत निघाला, पण हात विणकराचेच राहिले. कोर्टाच्या रेषा आखताना ते दोन खिळ्यांमध्ये सुतळी अशी ताणायचे की बोटाने छेडली तर वाजायची. चुन्याच्या पाण्यात ते खळ मिसळायचे, सुताला लावतात तीच, म्हणजे रेष वाऱ्याने उडत नाही. रेष जराशी वाकडी गेली की पुसून पुन्हा. क्लबातले लोक हसायचे, बाबा ऐकून घ्यायचे आणि परत सुतळी ताणायचे.

सारवण मात्र आईचं. पहाटे ती बादल्या घेऊन यायची, सोबत मदतीला शेजारची एक बाई. पलीकडच्या टोकाला उकिडवं बसायचं आणि मागे मागे सरकत यायचं. तिच्या हाताचे अर्धगोल एकाला एक लागून उठत जायचे, आणि उजाडेपर्यंत सगळं कोर्ट त्या अर्धगोलांनी भरून जायचं. मी पायऱ्यांवर गुडघ्यात डोकं घालून अर्धवट झोपेत ते बघत बसायचे. थंडीत धुकं असलं की आई त्यात दिसेनाशी व्हायची आणि फक्त हात फिरल्याचा आवाज यायचा. आयुष्यात मला कुठेही शांत झोप लागली असेल तर ती त्या पायऱ्यांवर.

सारवून झालं की आई एक गोष्ट करायची, जी टेनिसच्या कुठल्याही कोर्टावर कोणी केली नसेल. मागच्या रेषेच्या बाहेर, कडुनिंबाकडच्या कोपऱ्यात, ती चार बोटांची रांगोळी काढायची. जास्त काही नाही. चार ठिपके, त्यांना जोडणारा वेल, मध्ये एक फूल.

"अवं, हे का आपलं अंगण होय?" बाबा म्हणायचे.

"सारवलं कोणं? म्या. मंग अंगणच झालं."

सारवलेली जमीन मोकळी ठेवायची नाही, असं आमच्याकडे आहे. फक्त घरातलं माणूस गेलं की ती मोकळी ठेवतात. आईच्या दृष्टीने टेनिस हा जमिनीवर खेळायचा खेळ, आणि जमीन म्हटली की तिचे नियम आले. खेळणाऱ्यांनाही त्या रांगोळीचं काही वाटत नसे. कोणी मुद्दाम तिच्यावर पाय देत नव्हतं.

माझी मैत्रीण मला भेटली तेव्हा आम्ही दोघी नऊ वर्षांच्या होतो. तिचे वडील क्लबचे सेक्रेटरी. तिचे बूट पांढरेशुभ्र, रॅकेटी दोन. माझी रॅकेट एकच, कोणीतरी टाकून दिलेली, बाबांनी तिला नव्या तारा ओवून दिल्या होत्या. बाबा ते काम करताना मागावर बसल्यासारखे गुणगुणायचे. तिला माझ्या रॅकेटीचं काही वाटलं नाही, मला तिच्या बुटांचंही नाही. तिला हेवा वाटला तो माझ्या पायाचा. सारवलेल्या कोर्टावर पहिला पाय माझा, कारण हलकं मूल लागतं आणि घरचं मूल मीच.

"मी पण हलकी आहे," ती म्हणाली आणि बाबांची पाठ वळल्यावर बूट काढून माझ्याबरोबर कोर्टावर आली. कोर्ट कच्चं होतं. दोघींची मिळून चार पावलं उमटली. बोलणी मला एकटीला बसली. ती पायऱ्यांवर बूट हातात घेऊन बसून होती आणि हसू दाबत होती. त्या दिवसापासून आमची मैत्री, ती आजतागायत.

पुढे ती चॅम्पियन झाली. राज्याची झाली, नंतर देशाच्या स्पर्धांत तिचं नाव लागू लागलं, खेळाडू म्हणून नोकरी मिळाली, पेपरात फोटो आले. मी उमरेडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले. रोज एसटीने जाते, एसटीने येते. दुहेरीत आम्ही कितीतरी वर्षं एकत्र खेळलो. हे सगळं मी आधीच सांगून टाकते, कारण आता जे सांगणार आहे ते ऐकून कोणी म्हणेल, हिच्या पोटात दुखतं आहे. माझ्या पोटात दुखत नाही. ती माझ्याहून चांगली खेळायची. त्या दिवशी मी जिंकले असते, तरी पुढच्या वर्षी तिने मला हरवलंच असतं.

तो दिवस आम्ही तेरा वर्षांच्या असतानाचा. क्लबची वार्षिक स्पर्धा, मुलींचा अंतिम सामना आमच्या दोघींतच, आणि जी जिंकेल तिला पुण्याच्या शिबिराला पाठवणार होते. आईने आदल्या दिवशी सारवण केलं होतं आणि त्या दिवशी जरा मोठं फूल काढलं होतं. पोरीचा सामना होता ना. फुलाची एक पाकळी रेषेपासून चार बोटांवर आली होती.

जिंकायला मला एक गुण हवा होता. एकच. मी चेंडू कडुनिंबाकडच्या कोपऱ्यात मारला, सगळा जीव लावून, आणि पांढरी धूळ उडालेली माझ्या डोळ्यांनी पाहिली. मी रॅकेट वर केली. तेवढ्यात ती पुढे झाली, बुटाने खूण पुसली आणि म्हणाली, "बाहेर. रांगोळीवर पडला."

पंच म्हणून बसलेले काका खाली उतरून आले. चेंडूला पांढरं लागलेलं होतं, पण रांगोळीही तिथेच होती, आणि तिची पाकळी बुटाखाली फिसकटली होती. रेषेवरची खूण राहिलीच नव्हती. काकांनी बाहेर दिला. नंतरचे गुण मी रागाने खेळले, म्हणजे हरले. राग आला की मी आजही जाळीत मारते.

कोर्टाच्या तारेबाहेर आई बसली होती. तिने तो शब्द ऐकला. रांगोळीवर पडला.  तिने पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरून बसली.

संध्याकाळी बाबांनी तो चेंडू माझ्याकडून मागून घेतला. तळहातावर तीनदा आपटला. रांगोळी खरबरीत असते, झटकली की गळून जाते. खळ घातलेला चुना असा जात नाही, तो चेंडूच्या लोकरीत बसतो. पांढरं तसंच राहिलं. बाबांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला, सूत पारखतात तसा.

"आतच होता," ते म्हणाले. मग क्लबच्या ऑफिसकडे बघितलं आणि आवाज खाली केला. "कुठं बोलू नको."

मी बोलले नाही. बाबांची नोकरी होती, सेक्रेटरीची मुलगी होती, तेरा वर्षांच्या मुलीला एवढं समजतं. पण घरी आईला मी सांगितलं, रडून सांगितलं, बाबांनीही सांगितलं. चेंडू दाखवला. तिने हातात घेऊन परत दिला.

"चुना काय नं रांगोळी काय, पांढरं ते पांढरं. तुमी मले समजावू नका. येवढी चांगल्या घरची पोरगी, थे खोटं काहून बोलन?"

त्या दिवसापासून आईने कोर्टावर रांगोळी काढली नाही. सारवण केलं, वर्षानुवर्षं केलं, गुडघे गेले तेव्हा थांबली. पण कोपरा मोकळा. पोरीचा सामना आपल्या रांगोळीने घालवला, ही गोष्ट तिने अशी काही पोटात ठेवली की काढता निघेना. नागपूरभर माझ्या मैत्रिणीचं कौतुक झालं की आई मनापासून आनंदायची, आणि मग बोलता बोलता गप्प व्हायची. बाबा गेले त्या दिवशी तिने दारापुढची हातभर जागा सारवली, मोकळीच ठेवली आणि तिच्याकडे बघत म्हणाली, "कोर्टावानीच दिसून राहिली." माझी मैत्रीण तेव्हा तिच्या शेजारी बसलेली होती. दिवसभर बसली होती. तिने ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

मी तिला का विचारलं नाही? कितीदा ओठांवर आलं. दुहेरीत एखादा चेंडू रेषेवर पडला की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो आणि लगेच नजर वळवायचो. तिने सांगावं, असं मला वाटायचं. मी विचारलं आणि तिने कबूल केलं, तर ते माझं झालं असतं. मला ते तिचं हवं होतं. असा माझा ताठा. त्या ताठ्यात अठ्ठावीस वर्षं गेली, आणि आईची त्यात सत्तरी जवळ आली.

मागच्या डिसेंबरात मैत्रिणीचा फोन आला. मी एसटीत होते, उमरेडहून येताना. बाहेर संत्र्यांच्या बागा मागे जात होत्या.

"बस झालं वं आता," ती म्हणाली. "गुडघा बोलून राहिला. थांबते."

मी म्हटलं, "तुझा गुडघा दहा वर्षांपासून बोलून राहिला."

"आता माझं ऐकत नाही तो." मग म्हणाली, "निरोपाचा सामना ठेवून राहिले आपल्या क्लबात. त्या जुन्या कोर्टावर. नंतर ते खोदणार आहेत. समितीवाले म्हणतात, एखाद्या नव्या पोरीशी खेळा, फोटो चांगले येतील. मी म्हटलं, मी तिच्याशीच खेळीन."

ती म्हणजे मी. सामना झाला की पंधरा दिवसांत ती पुण्याला जाणार होती, एका मोठ्या अकादमीत शिकवायला, कायमची. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा आनंद झाला, मग भीती वाटली. ती गेली की आईला सांगणारं कोणी उरणार नव्हतं.

कोर्ट खोदणार, याचं मला फार दुःख झालं असं म्हणता येणार नाही. खोटं कशाला बोला. शेणाच्या कोर्टावर पावसाळाभर खेळ बंद. त्याच्यावर वाढलेली मुलं बाहेर सिमेंटवर खेळायला गेली की चेंडू त्यांच्या कानाशी यायचा. माझी मैत्रीण पहिल्या मोठ्या स्पर्धेत अशीच पहिल्याच फेरीत आपटली होती आणि मला फोनवर म्हणाली होती, "इथली जमीन आपल्याशी बोलतच नाही वं." आता निळं कोर्ट होणार, रबरासारखं, बारमाही. अर्ध्या जागेत पिकलबॉल, कारण निवृत्त झालेल्या मंडळींना तो झेपतो आणि वर्गणी तेच भरतात. माझ्या शाळेतल्या मुली मोबाइलवर मोठे सामने बघतात, रेषेचा निवाडा कॅमेरा करतो. छान आहे. एकच गोष्ट मला राहून राहून वाटते. निळ्या कोर्टावर खूण उमटत नाही. आणि छोट्या क्लबात कॅमेरा कुठून येणार? तिथे मुलींना एकमेकींच्या शब्दावरच खेळावं लागेल.

सामन्याच्या तीन दिवस आधी आई म्हणाली, "शेवटचं सारवण माह्या हातानं."

"तुझे गुडघे?"

"हातानं म्हटलं म्या. गुडघ्यानं नाही."

शेवटी असं झालं की तिने पहिले चार अर्धगोल काढले आणि उरलेलं सगळं कोर्ट मी. ती कडेला पिढ्यावर बसून सूचना देत होती. "हात फिरव वं. पोछा मारून राहिली काय?" नंदनवनच्या आमच्या फ्लॅटमध्ये टाइल्स आहेत, मला पोछाच येतो. तरी हळूहळू हाताला वळण लागलं. धुकं होतं. कोणी बोलत नव्हतं, फक्त माझाच हात फिरल्याचा आवाज, आणि एका क्षणी मला खरंच वाटलं की पायऱ्यांवर कोणीतरी लहान मुलगी गुडघ्यात डोकं घालून बसली आहे. मी मान वर करून पाहिलं. पायऱ्यांवर आईची पिशवी होती.

सारवून झालं तेव्हा मी विचारलं, "रांगोळी?"

आई कोपऱ्याकडे बघत राहिली. "नाही. त्या जागेले सुतक हाय."

दुसऱ्या दिवशी कोर्ट वाळलं का बघायला मी चप्पल काढली, तर आई म्हणते, "तुह्या पायानं काय समजन? तुह्यानं त सिमेंटवर बी खूण पडन." आईची जीभ शेवटपर्यंत शाबूत राहो, एवढंच माझं मागणं आहे.

सामन्याच्या सकाळी ऊन कोवळं होतं. लोक स्वेटर घालून, मफलर गुंडाळून आले होते. मंडप, माइक, हारतुरे. आईला आम्ही कडुनिंबाखाली, बरोबर त्या कोपऱ्यामागे खुर्ची दिली. तिनेच ती जागा मागितली होती.

एकच सेट ठरला होता. ती पांढऱ्या कपड्यांत आली, गुडघ्याला पट्टा. पहिला चेंडू माझ्याकडे आला आणि मला सगळं हलकं वाटू लागलं. आवाज लांबून यायचे. तिचा तो खाली राहणारा, जमिनीला चाटून जाणारा चेंडू तसाच होता, फक्त ती त्याच्यामागून जरा उशिरा यायची. आम्ही घसरत होतो, खेळत होतो, शेणाचा मंद वास येत होता, आणि मला वाटत होतं की हे संपूच नये. चार-चार झाले. मग ती एक गेम पुढे गेली. मग मला बरोबरी करायला एक गुण हवा होता.

मी चेंडू कडुनिंबाकडच्या कोपऱ्यात मारला. मुद्दाम नाही. हात आपणहून तिकडे गेला.

चेंडू बाहेर पडला. थोडाच, पण बाहेर. मी इकडून बघितलं तरी मला कळलं. अशी कोर्टं मी पायाने वाचत मोठी झाले आहे. ती चालत खुणेपाशी गेली. खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग बुटाने खूण पुसली आणि मोठ्याने म्हणाली, "आत!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माइकवाला म्हणाला, बघा, याला म्हणतात मोठं मन. माझ्या अंगाची आग झाली. जाळीच्या पलीकडे जायचं नसतं, मी गेले. चेंडू उचलला. चुन्याचा एक कण नव्हता त्याला.

"बाहेर आहे," मी म्हटलं.

"आत आहे."

"चेंडू पाह्य." मी तिच्या नाकासमोर धरला. लोक हसत होते, त्यांना वाटलं मैत्रिणींची गंमत चालली आहे. मी हळू आवाजात म्हटलं, "हा नको मले. तो दे."

कोणता, हे तिने विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि तेरा वर्षांची मुलगी माझ्यापुढे उभी राहिली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"त्याच संध्याकाळपासून."

"मग बोलली काहून नाही?"

"तू काहून नाही बोलली?"

ती रॅकेटीच्या तारा सरळ करू लागली. मी म्हटलं, "मले सांगून काय उपयोग? मले माहीतच आहे. तिला सांग. तिला आजपर्यंत वाटून राहिलं की तिच्या रांगोळीनं मी हरली." तिने मान वळवून खुर्चीकडे बघितलं. आई आमच्याकडेच बघत होती, पण तिला ऐकू आलं नसावं. माझी मैत्रीण अर्धी तिकडे वळली. मला वाटलं, आता जाईल. ती म्हणाली, "खेळ." आणि पंचाकडे बघून म्हणाली, "बाहेर."

मग ती जी खेळली, तसं तिला खेळताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. एक गुण फुकट दिला नाही. सहा-चार. मी हरले, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. एवढी तरी माझी किंमत तिने ठेवली.

शाल झाली, श्रीफळ झालं. समितीच्या अध्यक्षांनी निळ्या कोर्टाचं चित्र असलेला मोठा फलक उघडला. तिच्या हातात माइक दिला. तिने सगळ्यांचे आभार मानले, माझ्या बाबांचं नाव घेतलं, त्यांच्या रेषांचं कौतुक केलं. मग नव्या कोर्टाबद्दल म्हणाली की मुलींनी तिथे भरपूर खेळावं, जोरात मारावं, आणि चेंडू कुठे पडला ते स्वतः सांगावं. एवढं बोलून तिने माइक खाली ठेवला. टाळ्या वाजत असतानाच ती मंडपातून बाहेर आली, बूट काढले, हातात घेतले आणि अनवाणी कोर्ट ओलांडून कडुनिंबाकडे गेली. मी मागोमाग गेले.

"काकू," ती म्हणाली आणि आईच्या खुर्चीपाशी खाली बसली. "त्या दिवशीचा तो चेंडू आत होता. रेषेवर होता. मला दिसला होता. मी खूण पुसली आणि रांगोळीचं नाव घेतलं. तुमच्या रांगोळीला तो लागलाच नव्हता."

 आईचा पदर तोंडाशी गेला. मंडपात कोणीतरी चहाचं सांगत होतं.

"तुह्या बाबाले माहीत होतं?" आईने विचारलं.

"नाही. मी कोणालाच नाही सांगितलं."

"माह्या मालकाले माहीत होतं," आई म्हणाली. "थे मले सांगत होते. म्या त्याईचं आयकलं नाही. तुह्यावर भरवसा ठेवला म्या."

माझी मैत्रीण रडू लागली. मी तिला एवढं रडताना कधी पाहिलं नव्हतं, मोठे सामने हरतानाही नाही. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. रागावलीही नाही. ती कोपऱ्याकडे बघत बसली, आणि तिचा चेहरा हळूहळू असा सैल होत गेला की मला बघवेना. माझेही डोळे भरले. इतक्या वर्षांत आईचा चेहरा किती आवळलेला होता, हे मला तेव्हा कळलं.

"पिशवी दे," ती मला म्हणाली.

पिशवीत पाण्याची बाटली होती, चष्मा होता, आणि तळाशी एक लहान डबी होती. रांगोळीची. मी ठेवलेली नव्हती. मी तिच्याकडे बघितलं.

"असू दे म्हटलं," आई म्हणाली.

आम्ही दोघींनी तिला दोन बाजूंनी धरून खाली बसवलं. तिने बाटलीतलं पाणी शिंपडून हातभर जागा ओली केली, हाताने सारखी केली. मग डबी उघडली. पहिला ठिपका मोठा पडला. चार ठिपके. वेल. मध्ये फूल. एक पाकळी रेषेकडे, बरोबर चार बोटांवर, तिने मोजून काढली. मंडपातले लोक आता आमच्याकडे बघू लागले होते आणि सोमवारी जे खोदायचं आहे तिथे ही बाई रांगोळी का काढते, असं एकमेकांना विचारत होते.

माझी मैत्रीण नीट बघायला पुढे झाली. मीही झाले. दोघींचे पाय अनवाणी.

"ओलं हाय अजून," आई म्हणाली. "मांगं सरा वं, दोघीबी."

आम्ही मागे सरलो.